पाण्यातला बचाव: मराठवाड्यातल्या नव्या फायरमनसाठी

मराठवाड्यात पाण्याचा कॉल म्हटला की नव्या पोराच्या डोळ्यांसमोर गोदावरीचा पूर येतो. वर्षभरातले बरेचसे कॉल मात्र साठलेल्या पाण्याचे असतात: कठडा नसलेली विहीर, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं, खदान, पाझर तलाव. पूर येतो तेव्हा मोठा येतो. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीडकडे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. पण एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरेला आणि एसडीआरएफ धुळ्याला नि नागपूरला. पावसाळ्यात एखादी तुकडी जवळ आणून ठेवली असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर सुदुंबरेहून नांदेड गाठायला रस्त्याने आठ-नऊ तास लागतात. तोवर जे काही करायचं ते नगरपालिकेच्या बंबावरच्या चार-पाच जणांनीच.

या चार-पाच जणांसाठी एक क्रम ठरलेला आहे. तो पाठ असायला हवा: हाक, काठी, दोर, बोट आणि सगळ्यात शेवटी स्वतः पाण्यात. हाक मारून माणूस कडेला येत असेल तर काठी काढायची नाही, काठी पुरत असेल तर दोर फेकायचा नाही, दोर पुरत असेल तर बोट उतरवायची नाही. चांगलं पोहता येणाऱ्याला हा क्रम पाळणं जास्त जड जातं. शेततळ्यावर एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरतो आणि एकाच घरातले तिघं जातात, ते याच घाईपायी.

कॉल घेताना

१०१ वर फोन आला की पत्त्याआधी विचारा: पाणी कसलं, किती जण, शेवटचं कधी दिसले, माणूस वर आहे की बुडाला. विहीर असेल तर मोटार चालू आहे का आणि आत आधी कोणी उतरलंय का, हेही तेव्हाच विचारा. गावाकडचा पत्ता गट नंबराने किंवा मालकाच्या नावाने सांगतात, आणि एकाच शिवारात त्या आडनावाच्या चार विहिरी निघतात. म्हणून फाट्यावर मोटारसायकलवाला उभा करायला सांगा आणि त्याचा नंबर घ्या. फोन ठेवण्याआधी सांगा, ‘कोणी पाण्यात उतरू नका. ट्यूब, घागर, रिकामा कॅन, जे तरंगतं ते दोराला बांधून टाका.’ कित्येकदा बंब पोचण्याआधी माणूस वाचतो तो या एका वाक्यामुळे.

निघतानाच १०८ ला कळवा. नदीचा कॉल असेल तर १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला सांगून वरच्या धरणाच्या पूर नियंत्रण कक्षाशी बोलणं करून घ्या. नांदेड शहरात काम असेल तर विष्णुपुरीचे किती दरवाजे उघडे आहेत हे कळल्याशिवाय बोट पाण्यात जाऊ नये. पैठणच्या खाली असाल तर जायकवाडीचा विसर्ग विचारा. आकडा क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजे ५० हजार क्युसेक हे सेकंदाला चौदा लाख लिटर पाणी झालं. विसर्ग ‘किती आहे’ एवढ्यावर थांबू नका. ‘पुढच्या दोन तासांत वाढणार आहे का’ हेही विचारा.

अंगावर काय असावं

आगीचा पोशाख पाण्यात जीव घेतो. गमबूट भरतात, कोट पाणी पितो, आणि फायर हेल्मेटच्या रुंद कडेत धार अडकली की मान मागे ओढली जाते. काठापासून तीन मीटरच्या आत जो कोणी उभा राहील, मग तो साहेब असो की ड्रायव्हर, त्याच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं. पट्टे आवळलेले आणि मांडीतला पट्टाही लावलेला. मांडीचा पट्टा सोडला तर पाण्यात जॅकेट वर सरकून कानाशी येतं आणि माणूस खालून निसटतो. डोक्याला कडा नसलेलं हलकं हेल्मेट, पायात बांधलेले बूट, गळ्याशी शिट्टी, जॅकेटवर हाताशी येईल असा चाकू. दोर अंगावर अडकला तर तो कापायला दुसरं काही जवळ नसतं.

शिट्टीचे इशारे आपल्या स्टेशनवर ठरवून घ्या. बहुतेक ठिकाणी एक शिट्टी म्हणजे ‘थांबा, इकडे बघा’ आणि तीन शिट्ट्या म्हणजे ‘मदत हवी’ असं चालतं. वाहत्या पाण्याच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत.

दोराची पिशवी

बचावाच्या सामानात सगळ्यात स्वस्त नि सगळ्यात उपयोगी वस्तू हीच. आत १५ ते २५ मीटर तरंगणारा पॉलिप्रॉपिलीनचा दोर असतो, साधारण ८ ते १० मिलिमीटर जाडीचा. सुती किंवा नायलॉनचा दोर भिजून खाली बसतो, तो इथे चालत नाही.

फेकायची पद्धत अशी. पिशवीचं तोंड सैल करा, हातभर दोर बाहेर काढा आणि त्याचं टोक डाव्या हातात घट्ट धरा. मनगटाला गुंडाळू नका, कमरेला तर अजिबात नाही; समोरचा वाहून गेला तर तुम्हालाही घेऊन जाईल. पाय फाकवून खाली वाका, ‘दोर!’ असं ओरडा आणि तो तुमच्याकडे बघेपर्यंत थांबा. मग खालून झोका देत पिशवी त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाईल अशी फेका, म्हणजे दोर खांद्यावर पडेल. त्याच्या अलीकडे पडलेली पिशवी वाया गेली समजा.

वाहत्या पाण्यात नवे लोक एक चूक हमखास करतात. माणूस वाहत येतोय म्हणून त्याच्या पुढे, खालच्या अंगाला दोर टाकतात, की तो वाहत येऊन धरेल. पण पाण्यात पडल्यावर दोरही त्याच वेगाने वाहतो. माणूस आणि दोर यांच्यातलं अंतर होतं तेवढंच राहतं. नेम माणसावरच हवा.

दोर धरला की फेकणाऱ्याने लगेच खाली बसावं, टाचा रुतवाव्यात, आणि मागून दुसऱ्याने त्याच्या जॅकेटचे पट्टे धरावेत. ओढाओढ करायची नाही. दोर ताणून धरला की धार स्वतःच माणसाला अर्धवर्तुळात काठाकडे आणते. फक्त तो कुठे लागेल ती जागा आधी बघून ठेवा. तिथे वेडी बाभूळ असेल तर उभं राहायची जागाच बदला. बुडणाऱ्याला ओरडून सांगा: पाठीवर हो, दोर छातीशी धर, पाय वर.

पहिला फेका चुकला तर दोर पिशवीत परत भरत बसू नका. भराभरा वेटोळी घ्या, पिशवीत थोडं पाणी घ्या म्हणजे तिला वजन येईल, आणि पुन्हा फेका. बुडणारा माणूस ओरडत नाही, हातही हलवत नाही. डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीवर आणि हातांनी पाणी खाली दाबत राहतो. असा तो साधारण २० ते ६० सेकंद टिकतो, लहान मूल त्याहूनही कमी. म्हणून दोन फेकी अर्ध्या मिनिटात व्हायलाच हव्यात.

विहीर

विहिरीवर पोचल्यावर पहिलं काम मोटार. नुसतं स्टार्टर बंद करून चालत नाही. शेतात बहुतेकांनी ‘ऑटो’ बसवलेला असतो. लोडशेडिंग संपून लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते. तेव्हा ऑटो बंद, स्टार्टर बंद, मेन स्विचचे फ्यूज काढून खिशात आणि पेटीजवळ एक माणूस उभा. आकडा टाकून घेतलेली लाईन असेल तर पेटीवर भरोसा नाही. महावितरणच्या लाइनमनला बोलवून डीपीवरून सप्लाय बंद करून घ्या. पाण्यात लोंबणारी कटलेली केबल दिसली तर हे होईस्तोवर पाण्याला हात नाही.

दुसरं काम म्हणजे वर असलेल्या माणसाला धरायला काहीतरी देणं. रिंग किंवा हवा भरलेली ट्यूब दोराला बांधून त्याच्या हाताजवळ सोडा. एकदा तो ट्यूबमध्ये अडकला की तुम्हाला सामान लावायला वेळ मिळतो. आपल्याकडच्या विहिरी ५०-६० फूट सहज असतात, वर ओढण्याची घाई केली तर दमलेला माणूस अर्ध्यातून सुटतो.

तिसरं काम हवा. गाळ काढताना, बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत किंवा आत डिझेल इंजिन चालवलं असेल तर माणूस बुडून नाही, श्वास कोंडून पडतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. हवा तपासायचा मीटर दोराने खाली सोडा; तळाशी ऑक्सिजन १९.५ पेक्षा कमी दिसला तर बीए सेट (पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडाला मास्क) घातल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. कंदील किंवा दिवा सोडून बघायची जुनी पद्धत सोडून द्या. कार्बन मोनॉक्साईड कंदील विझवत नाही, माणसाला मात्र संपवतो. मीटर नसेल तर हवा खराबच आहे असं धरून चाला. ब्लोअर नसेल तर होजला फॉग नोझल लावून वरून बारीक फवारा सोडा, त्यासोबत थोडी ताजी हवा खाली जाते. पण त्यावर विसंबून बीए काढू नका.

बंब विहिरीला टेकवून लावू नका. पाच हजार लिटर पाणी म्हणजे नुसत्या पाण्याचेच पाच टन, आणि जुन्या विहिरीची कड पावसाळ्यात आतून पोकळ झालेली असते. दहा मीटर मागे थांबवा, चाकांना ठोकळे लावा, किल्ली काढून घ्या आणि दोर गाडीच्या चेसिसला बांधा. दोर जिथे कडेवर घासतो तिथे जुन्या डिलिव्हरी होजचा उभा चिरलेला तुकडा घाला. उतरणाऱ्याला दोन दोर हवेत, एक कामाचा आणि एक जिवाचा, आणि ते दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले. ट्रायपॉड असेल तर उत्तम. नसेल तर शिडी कठड्यावर आडवी टाकून, दोन्हीकडे बांधून तिच्यावर पुली लावता येते.

गावकरी चार कोपऱ्यांना दोर बांधून बाज सोडतात. शुद्धीवर असलेल्या माणसासाठी ती पद्धत वाईट नाही, फक्त चारही दोर एकाच्या हुकमावर एकदम वर यायला हवेत. नाहीतर बाज कलते आणि माणूस पुन्हा पाण्यात.

शेततळं

‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ ची. तेव्हापासून शिवारात तळी वाढली. त्यातलं नेहमीचं मोठं माप ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. आत प्लास्टिक, त्यावर शेवाळ. उतारावर पाय ठरत नाही, हाताला धरायला काही नाही, आणि पट्टीचा पोहणाराही काठाला लागून वर चढू शकत नाही. बुडणारा काठापासून दोन हातांवर असतो आणि तरी जातो.

यातच उपायही आहे. ३० मीटरच्या तळ्यात कुठल्याही माणसापासून सगळ्यात जवळचा काठ १५ मीटरच्या आत असतो, म्हणजे दोराची पिशवी पुरते. त्याला काठापर्यंत आणलं की बंबावरची शिडी उतारावर आडवी झोपवा, खालचं टोक पाण्यात आणि वरचं टोक गाडीला किंवा बांधावरच्या खांबाला बांधलेलं. तो पायऱ्या धरून वर येतो. न आल्यास दोर लावलेला एकच फायरमन शिडीवरून खाली जातो. प्लास्टिक फाटेल म्हणून मालक ओरडला तर ओरडू द्या.

माणूस बुडालेला असेल तर पंप लावून तळं उपसायला सुरुवात करू नका. आपल्या पंपाला तास लागतील. आधी गळ टाका. काठावरच्या दोन साक्षीदारांना ते जिथे उभे होते तिथेच परत उभं करा आणि बोट दाखवायला सांगा. प्रत्येकाच्या रेषेत पलीकडच्या काठावर एक खूण धरा, खांब, झाड, काहीही. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथून शोध सुरू. साठलेल्या पाण्यात माणूस जिथे बुडतो त्याच्या आसपासच तळाला असतो. हे सगळं साक्षीदार घरी जाण्याआधी, रडारड वाढण्याआधी करायचं.

फरशी पूल आणि कोल्हापुरी बंधारा

पाण्याचा वेग दुप्पट झाला की ढकलण्याचा जोर चौपट होतो. गुडघ्याएवढ्या पाण्यात मोटारसायकल आडवी होते, दोन फूट पाण्यात चारचाकी उचलली जाते. फरशी पुलावर अडकलेल्या गाडीपर्यंत कमरेला दोर बांधून माणूस पाठवायचा हा आपल्याकडचा आवडता प्रकार, आणि तोच सगळ्यात धोक्याचा. पाय घसरला की ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो. वरचे जितकं ओढतील तितका तो खाली जातो. कमरेला गाठ बांधून वाहत्या पाण्यात कोणीही नाही. झटक्यात सुटणारा पट्टा असलेलं बचावाचं जॅकेट असेल आणि तो सोडायचा सराव झालेला असेल, तरच दोर, तोही पाठीला.

माणसं अशी उभी करा: एक जण ५० मीटर वरच्या अंगाला, वाहत येणारे ओंडके बघून शिट्टी मारायला, दोघं गाडीच्या खालच्या अंगाला दोराच्या पिशव्या घेऊन, एकाखाली एक, मधले दोघं काम करणारे. खालचे दोघं जागेवर नसतील तर काम सुरू करायचं नाही. नदीवर आडवा दोर बांधायचा झाला तर काटकोनात नको, खालच्या दिशेला तिरका बांधा, म्हणजे धरलेला माणूस घसरत काठाला लागतो. स्वतः वाहून गेलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय दगडात अडकला की धार तुम्हाला तोंडावर पाडते. पाठीवर व्हा, पाय पुढे आणि वर. समोर काट्यांची झुडपं आली तर मात्र पालथे व्हा आणि पोहत वरून चढा. झुडपाखालून पाणी जातं, माणूस अडकतो.

कोल्हापुरी बंधारा वरून शांत दिसतो. पाणी भिंतीवरून सारखं पडत असतं आणि खाली पायथ्याशी उलटं फिरत असतं. पृष्ठभागावरचं पाणी भिंतीकडे परत येतं, म्हणून त्यात पडलेला माणूस, ओंडका, रिकामा कॅन तिथेच गोल फिरत राहतो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने जॅकेटही नेहमीएवढं तरंगवत नाही. बोट त्या पट्ट्यात गेली की तीही ओढली जाते. कॅन कुठवर परत येतोय ते बघा. ती हद्द, आणि बोट तिच्या आत न्यायची नाही. काम दोन्ही काठांवरून दोर टाकून करायचं. दोन्ही तोंडं बंद करून हवा भरलेली डिलिव्हरी होज इथे फार कामाची, ती तरंगत लांबवर सरकवता येते. हवा बीए सिलिंडरमधून घेता येते, पण रेग्युलेटर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असलेल्या ॲडाप्टरनेच. सिलिंडरचा २०० ते ३०० बारचा दाब थेट होजला दिला तर कपलिंग गोळीसारखं उडतं.

रबरी बोट

हवा भरताना आधी सगळे कप्पे अर्धे, मग तळाच्या फळ्या नीट बसल्यात का बघून सगळे पूर्ण. एकच कप्पा आधी ठणठणीत भरला तर मधले पडदे ताणले जातात. मे महिन्याच्या उन्हात भरलेली बोट तशीच ठेवू नका, हवा फुगते. पाण्यात उतरवल्यावर ती गार होऊन बसते, तेव्हा चार पंप पुन्हा मारा.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-ऑईल बहुतेक ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. आपल्या इंजिनाचं पुस्तक बघून घ्या. सुरू होत नसेल तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आणि किल कॉर्डची (चालवणारा पडला की इंजिन बंद करणाऱ्या दोरीची) क्लिप तपासा. बहुतेक वेळा तिथेच असतं. किल कॉर्ड चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली हवीच. सुरू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार पडते का बघा. जलपर्णीत पंखा अडकतो आणि इंजिन थंड करणारं पाणी आत घ्यायची जाळी बुजते. धार थांबली तर इंजिन बंद करून जाळी साफ करा, नाहीतर पाच मिनिटांत इंजिन बसेल. जलपर्णीच्या पट्ट्यात वल्हीच बरी.

माणसाकडे खालच्या अंगाने, धारेला तोंड करून जा. हाताशी आला की इंजिन न्यूट्रल. बोटीवर दहाचा आकडा लिहिलाय म्हणून पुरातून दहा जण घ्यायचे नाहीत. त्यात तुमचे तिघं धरलेले असतात, आणि लोक गाठोडी नि शेळ्या सोडून येत नाहीत.

बाहेर काढल्यावर

श्वास नसेल तर पाणी काढत बसू नका. पोट दाबणं, उलटं टांगणं, डोक्यावर घेऊन फिरवणं, मिठात पुरणं, सगळं बंद. बुडालेल्याला आधी श्वास लागतो. युरोपातल्या पद्धतीत सुरुवातीला ५ श्वास, अमेरिकी पद्धतीत २. ज्याचं प्रशिक्षण झालंय ते करा. मग ३० दाब नि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली. तोंडातून फेस येत राहिला तरी पुसत बसू नका, श्वास चालू ठेवा. शुद्धीवर आला, बोलला, पण खोकला किंवा धाप असेल तर ‘बरं वाटतंय’ म्हणाला तरी दवाखान्यात पाठवा.

सराव

मार्च ते मे हा आपला सरावाचा काळ. आधी जलतरण तलाव: कपड्यांसह २०० मीटर पोहणं, दहा मिनिटं तरंगणं, पाण्यात बूट काढणं. हे न जमणाऱ्याला काठावरचं काम द्या, कमीपणा नाही. मग महिनाभर रोज पंधरा मिनिटं दोराची पिशवी, स्टेशनच्या आवारात, १५ मीटरवर टायर ठेवून. दहापैकी आठ टायरवरून पलीकडे जायला लागल्या की उलट्या हाताने, मग अंधारात. गाठी दोनच शिका, आठाची आणि बोलाइन (न आवळणारा फास), पण हातमोजे घालून आणि डोळे मिटून बांधता येईपर्यंत. शेवटी जॅकेटसह धरणाच्या संथ फुगवट्यात बोट. बंधाऱ्यावर सराव कधीच नाही.

जूनच्या आधी हद्दीतले फरशी पूल, बंधारे, मोठी शेततळी फिरून बघा. बोट कुठून उतरते, गाडी कुठपर्यंत जाते हे वहीत लिहा. भोई आणि कोळी वस्तीतले पोहणारे, तालुक्यातले आपदा मित्र (आपत्तीसाठी प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक) यांचे नंबर त्याच वहीत. त्यांना पाण्याचा तळ माहीत असतो. जॅकेट तुम्ही द्या.

कॉलवरून आल्यावर दोर पिशवीतून पूर्ण बाहेर काढून साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात पॉलिप्रॉपिलीन कुजतो, चुरा पडायला लागला की तो दोर बाद. वाळल्यावर वेटोळी न घालता मूठमूठ कोंबून भरा. वेटोळ्याचा दोर फेकताना गुंततो.